मांजर पडून मरत नाही म्हणे

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी मरत नाही, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला विचाराल तर मांजर या विषयात मला काडीचाही रस नव्हता. माझा सगळा दिवस स्वयंपाकघरात जातो, आणि स्वयंपाकघरातल्या बाईचं मांजराशी जमत नाही. झाकण सरकवतं, दुधात तोंड घालतं, आणि ओरडलं की आपल्याकडंच असं बघतं की चोर आपणच! पण मागच्या पावसाळ्यात एका मांजरासाठी मी अंबाबाईला हात जोडले, आणि ते का, हे सांगायचं तर आधी आबांचं सांगायला हवं.

आबा म्हणजे माझे सासरे. कुरुंदवाडच्या अलीकडं नदीकाठाला त्यांचं गाव. जन्मभर शेती केली, मळ्यातली वांगी बाजारात नेली. सासूबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. सकाळी दळण करून आल्या, छातीत कळ आली म्हणाल्या आणि गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर आम्ही आबांना कोल्हापूरला राजारामपुरीत आमच्या फ्लॅटवर आणलं. ते यायलाच तयार नव्हते. "मला काय झालंय? काय झालं न्हाय मला," एवढंच म्हणायचे. शेवटी आमच्या ह्यांनी जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात तोंड बांधलेलं पोतं. पोतं हलत होतं. आत सासूबाईंचं मांजर.

"हिच्या पाठीमागं कोन हाय?" पोत्याकडं बघून एवढंच बोलले. पाचव्या मजल्यापर्यंत ते पोतं लिफ्टमधून ओरडत आलं. पांढरी, पाठीवर दोन काळे डाग असलेली मांजरी. नाव-बिव काही नाही. आमच्यात मांजराला नाव ठेवत नाहीत, मांजरच म्हणतात.

मी घरातून डबे करते. आमच्या भागात क्लासेसचा सुकाळ आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लजकडची पोरंपोरी येऊन राहतात आणि त्यांना सकाळ-संध्याकाळ माझा डबा जातो. मी बोलायला तिखट आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. डबा उशिरा का म्हणून कुणी फोन केला तर मी चार शब्द जास्तच ऐकवते. पण उपाशी माणूस मला बघवत नाही. आणि गंमत बघा, अख्ख्या गल्लीला जेवू घालणाऱ्या बाईच्या घरातच एक माणूस जेवत नव्हता.

आबा ताटावर बसायचे. भाकरी मोडायचे. पहिला तुकडा कालवणात भिजवून खाली ठेवायचे, मांजर खायचं, ते बघत बसायचे, मग स्वतः एखादा घास. मांजर आलं नाही तर ताट तसंच सारून उठायचे. मी पिठलं केलं, खर्डा केला, आठवड्यातून दोनदा मटणाचा रस्सा केला. रश्श्यातला मऊ तुकडा काढून मांजराला! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलले नाही, कारण मांजर खात होतं तोवर आबांच्या पोटात चार घास तरी जात होते.

आणि परत जायचं तर डोक्यात होतंच. "पावसाळा सरला की जातो घराकडं." घरात पाण्याचा तांब्यासुद्धा सासूबाईंनी हातात दिलेला, चुलीपाशी हा माणूस कधी फिरकलेला नाही. भावकी शेजारी आहे, पण कुणाच्या दारात ताट घेऊन बसणारा हा माणूस नव्हे. दार लावून बसतील, भाकरीच्या वाळक्या तुकड्यावर दिवस काढतील, आणि एक दिवस गावातून फोन येईल, हे माझ्या मनानं पक्कं धरलं होतं. एकच गोष्ट त्यांना अडवत होती. "मांजार रुळलंय हितं, बघू म्हनं," असं मधूनमधून म्हणायचे. म्हणजे सरळ हिशेब होता. मांजर इथं राहिलं तर म्हातारा राहील. मांजराला काही झालं, तर दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघाला.

ते मांजर आषाढात एका दुपारी गॅलरीतून खाली पडलं.

पाऊस नुकताच उघडला होता. मी कणीक मळत होते. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, मांजर पायाशी. कठड्यावर पारवा येऊन बसला असणार. मला एकदम आबांचा आवाज आला, "ए, ए, ए!" आणि मग खालून धाडकन पत्रा वाजला. पिठाच्या हातानं मी धावले. आबा कठड्यावरून वाकून उभे होते, हात बाहेर तसाच लांब केलेला. कठडा ओला होता, मांजर झेपावलं आणि घसरलं. आबांनी हात घातला, पण हाताला काही लागलं नाही. खाली पार्किंगच्या पत्र्याला पोचा आला होता आणि मांजर दिसत नव्हतं.

आबा पळत सुटले. लिफ्ट समोर उघडी असताना जिन्यानं. मी पाठोपाठ, "आबा, सावकाश, पाय घसरंल!" म्हणत. एका पडलेल्यामागं दुसरं नको पडायला.

खाली पोचलो तर पत्र्याखाली माणसं गोळा झालेली आणि सगळी हसत होती. मांजर पत्र्यावरून उडी मारून स्वतःच्या पायांनी चालत गेलं होतं आणि एका गाडीखाली जाऊन बसलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "बगा! मांजराला काय होतंय व्हय? चार पायांवर पडतंय की ते!" कुणीतरी टाळ्या पण वाजवल्या. आबा या वयात गुडघ्यांवर बसून, मग आडवे होऊन गाडीखाली शिरले आणि मांजर छातीशी धरून बाहेर आले. शर्टाला चिखल. "काय झालं न्हाय," म्हणाले. मग मला म्हणाले, मग वहिनींना, मग वॉचमनला. प्रत्येकाला तेच पुन्हा सांगितलं. मला तर हसू आणि रडू दोन्ही येत होतं. वाचलं बाई एकदाचं!

आता आमच्या कोल्हापूरची एक रीत आहे. कुणाला काही झालं की समाचाराला जायचं. दवाखान्यात एक पेशंट असला की त्याच्याभोवती वीस माणसं. कुणी बिस्किटं घेऊन, कुणी शहाळं घेऊन, आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायला लागतं. त्या दुपारी आमच्या घरी मांजराच्या समाचाराला निम्मी इमारत आली. वहिनींनी खरंच शहाळं आणलं. मांजराला शहाळं! मी कपाळावर हात मारला, पण चहा मात्र सगळ्यांना केला.

मग ज्याचा त्याचा अनुभव सुरू झाला. कुणाचा बोका देवळाच्या शिखरावरून पडला होता, कुणाची मांजरी कोरड्या विहिरीत पडून दुसऱ्या दिवशी पिल्लं घेऊन आली होती. एका कॉलेजच्या पोरीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मांजर उलटं सोडलंय आणि ते हवेतच आधी डोकं फिरवतं, मग पुढचं अंग, मग मागचं, आणि खाली येईपर्यंत पाय जमिनीकडं. अगदी सावकाश दाखवलेलं. मी पण हातातली चहाची कपबशी तशीच धरून बघत राहिले. आबांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. दर वेळी मांजर पायांवर उतरलं की मान हलवायचे.

आणि आमचं मांजर कोपऱ्यात गोणपाटावर बसलेलं. डोळे अर्धे मिटलेले. पोट भराभर वर-खाली होत होतं. "घाबरलंय हो ते, धाप लागनारच की," वहिनी म्हणाल्या, आणि ते आम्हा सगळ्यांना पटलं. डॉक्टरकडं न्यावं असं एकाच्याही मनात आलं नाही. म्हैस नुसती रवंथ करायची थांबली असती तर आबांनी अर्ध्या तासात गुरांचा डॉक्टर दारात उभा केला असता. पण मांजराला कोण डॉक्टरकडं नेतं? मांजर पडून मरत नाही, हे ठरलेलंच होतं ना!

संध्याकाळी माणसं पांगली आणि आबा म्हणाले, "किटली दे." मला लगेच कळलं. कोल्हापुरात दुधानं बरं होत नाही असं दुखणंच नाही. पडलं, झडलं, ताप आला, परीक्षेत नापास झालं, दूध पी. आणि ते पिशवीतलं नव्हे. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात, आणि माणसं फेसासकट पेलाच्या पेला तिथंच उभ्यानं पितात. आबा रिक्षानं तिकडं गेले आणि किटली टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून, दूध कोमट आहे तोवर परत आले.

मांजरानं वाटीकडं तोंड फिरवलं. तिथंच आम्हाला समजायला हवं होतं. दुधाला नाही म्हणणारं मांजर कुणी बघितलंय का? पण आबांनी जन्मभर आजारी वासरांना पाजलेलं. त्यांनी मांजर मांडीत घेतलं, जबडा दाबून तोंड उघडलं आणि मला म्हणाले, "चमच्यानं सोड." मी सोडलं. एक चमचा, दुसरा चमचा. आणि दूध नाकातून आलं. गुलाबी. मांजराला ठसका लागला, तोंड उघडं पडलं आणि ते कुत्र्यासारखं तोंडानं श्वास घ्यायला लागलं. जीभ निळसर दिसली.

आबांचा चेहरा मी तसा फक्त एकदाच बघितला होता, सासूबाई गेल्या त्या दिवशी. मी गॅस बंद केला. कुकर तसाच, पोळ्या निम्म्या लाटलेल्या. पोरांना डबा उशिरा, तर उशिरा! मांजर टॉवेलात घेऊन आम्ही रिक्षात बसलो. दोन-तीन गल्ल्या सोडून जनावरांचा दवाखाना आहे, त्यावरून रोज जात होते पण पाटी कधी वाचली नव्हती.

डॉक्टर म्हणजे पोरगीच होती. केस मागं बांधलेले, बोलणं तुटक. काही न विचारता मांजर आत घेऊन गेली. आम्ही बाहेर बाकावर. बऱ्याच वेळानं आली.

"कधी पडलं?"

"दुपारी," मी म्हटलं.

"आणि आत्ता आणताय?"

"चालत हुतं की!" आबा उसळले. "पडल्यावर सोताच्या पायानं चालत गेलं. सगळ्यांनी बगितलंय."

"तिथंच तर सगळे फसतात, आबा." मग ती आमच्या समोर स्टुलावर बसली आणि नीट समजावून सांगितलं. मांजर हवेत वळतं हे खरं आहे. वळतं, पाय ताणून अंग पसरतं, त्यानं पडण्याचा जोर थोडा आवरतो. म्हणून पाचव्या मजल्यावरूनच काय, त्याच्याही वरून पडलेली मांजरं वाचतात, तिनं स्वतः बघितलेली आहेत. आणि कधी कधी दुसऱ्या मजल्यावरून पडलेलं दगावतं. पण वाचलं म्हणजे लागलं नाही असं नव्हे. पाय टेकतात आणि पाठोपाठ छाती आणि हनुवटी आपटते. "हिची टाळू मधोमध फाटलीय. फुप्फुसाच्या बाहेर छातीत हवा साठलीय, ती मी सुईनं काढलीय, ऑक्सिजन लावलाय. मांजर दुखणं दाखवत नाही हो. कोपऱ्यात गप्प बसतं. माणसाला वाटतं, बरं आहे." मग तिनं विचारलं, "दूध कुणी पाजलं?"

आबा खाली बघायला लागले. "म्या."

"आम्ही दोघांनी," मी म्हटलं. चमचा माझ्याच हातात होता.

ती रागावली नाही. फाटलेल्या टाळूतून दूध नाकात आणि श्वासात जातं, एवढं सांगितलं. पण मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. आणि ते गप्प बसण्याचं तर काळजातच गेलं. आमच्या घरात उन्हाळ्यापासून एक माणूस कोपऱ्यात गप्प बसला होता, आणि आम्ही सगळे बरं आहे असंच धरून चाललो होतो.

"जगंल का?" आबांनी विचारलं.

"सकाळपर्यंत टिकलं तर सांगता येईल."

आबा बाकावरून हलेनात. आमच्या ह्यांना फोन करून बोलावून घेतलं, ते बँकेतून तसेच आले आणि आबांच्या शेजारी बसले. बापलेक. दोघांचं वर्षानुवर्षं हवापाण्यापलीकडं बोलणं नाही, त्या दिवशीही झालं नाही, पण बसले शेजारी. मी घरी आले, राहिलेल्या पोळ्या लाटल्या, फोनवर कुणी ओरडलं त्याला उलट ओरडलेही नाही. देवघरापुढं उभी राहिले. म्हटलं, आई अंबाबाई, मांजरासाठी कधी मागितलं नाही, पुन्हा मागणारही नाही. पण एवढं जगव. ते गेलं तर माझा म्हातारा जातोय.

मांजर जगलं. सकाळी ह्यांचा फोन आला, "डोळं उघडलंय," आणि मी पिठाच्या हातानंच देवघरापुढं जाऊन हात जोडले.

थोड्या दिवसांनी ते घरी आलं. डॉक्टरीणबाईंचं फर्मान असं, की पिंजऱ्यात ठेवायचं, उड्या मारू द्यायच्या नाहीत, दूध बंद, माणसांची गर्दी बंद. खायला कोंबडी शिजवून, अगदी बारीक वाटून, पातळ करून, थोडं थोडं, दिवसातून कितीतरी वेळा. समाचार बंद आहे असं मी वहिनींना दारातच सांगितलं. त्या रुसल्या. रुसू देत.

पण कोंबडीचं जड गेलं. माझे निम्मे डबे शाकाहारी असतात. त्या वेळेत मी कोंबडी शिजवू कुठं आणि वाटू कशात? मिक्सर धू, पुन्हा धू, भांडी वेगळी ठेव. पहिले दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी भाजी करपली, वरून फोन वाजतोय, आणि आबा बाहेरून म्हणतात, "मांजराचं झालं का गं?" माझा भडका उडाला.

"आबा, मी माणसांचं करू का मांजराचं? एवढं वाटतंय तर तुम्हीच शिजवा की!"

हे आतल्या खोलीतून बाहेर आले आणि परत आत गेले. मला वाटलं, जीभ हासडावी स्वतःची. तेवढ्यात आबा उठले, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ग्यास कसा पेटवत्यात?"

मी दाखवलं. लायटर हातभर लांब धरून, तोंड फिरवून त्यांनी खटका दाबला. ज्योत फक्कन आली तसे मागं सरकले. वांग्याच्या वाफ्यात रात्रीबेरात्री मोटर चालू करायला साप-विंचवातून जाणारा माणूस, गॅसच्या शेगडीला भ्यायला! मी तोंडाला पदर लावला. पहिल्या दिवशी पाणी उतू गेलं, दुसऱ्या दिवशी कोंबडी बुडाला लागली. "शिजलं कसं कळतंय?" विचारायचे. "बोटानं दाबून बघा." दाबलं, चटका बसला, "आयला!" म्हणाले, आणि परत दाबलं. माझे डबे गेले की दुपारी शेगडी त्यांची. हळूहळू मला बाहेर बसवून आतून ओरडून विचारायला लागले, "झाकन ठिवू का काढू?"

मांजराला द्यायच्या आधी गरम आहे का म्हणून चाखायचे. मग उरलेलं रश्शाचं पाणी वाया कशाला म्हणून त्यात भात कालवून स्वतः खायचे. मग एकदा म्हणाले, भात मीच लावतो. लावला, चिकट झाला, आणि सगळा खाल्ला. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. मी रात्री ह्यांना म्हणायची, बघा, गालावर मांस चढलंय जरा. मग अंडी झाली. मग एक दिवस म्हणाले, वांग्याचं कालवण दाव. मी दाखवलं, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी दाखवली, फोडणीत मोहरी तडतडेपर्यंत थांबायला शिकवलं. मी किती खुळी! मला वाटत होतं आबांना भूक लागायला लागलीय. लागलीच होती म्हणा. पण माझ्याच शेगडीवर माझाच म्हातारा जायची तयारी करतोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

मांजराची टाळू भरून आली. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून, बॅटरी लावून बघितलं आणि म्हणाल्या, झालं, आता सोडा. आबांनी नातीएवढ्या पोरीला दोन्ही हात जोडले. मग विचारलं, "परत पडलं तर?"

"गॅलरीला जाळी लावून घ्या. दर वेळी वाचेलच असं नसतं, आबा."

रविवारी ह्यांनी माणूस बोलावून गॅलरीला जाळी बसवून घेतली. चांगली, घट्ट. मांजर जाळीपाशी बसून बाहेर बघायला लागलं. आबा त्याच्याकडं बराच वेळ बघत होते. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "उद्या जातो म्हनं घराकडं. हिला घिऊन."

माझा कप हातातच राहिला. "जाळी बसवली की आता!"

"बसवलीस गं. पर किती उंच हाय हे. त्या बिचारीनं जाळीतनं आभाळ बगत बसायचं व्हय? तितं भुईवर हाय घर. पडली तरी वीतभर पडंल."

"मांजराचं राहू दे. तुम्हाला तिकडं कोण घालणार जेवायला?"

"मला येतंय की आता," आबा म्हणाले.

मीच शिकवलं होतं. मला इतका राग आला की मी आत जाऊन भांडी आपटली. राग कसला, भीतीच ती. मांजर मेलं तर म्हातारा जाईल म्हणून मी ते जगवलं, आणि ते जगलं म्हणून म्हातारा निघाला! हे म्हणाले, जाऊ दे त्यांना, त्यांचं घर आहे ते. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच दोघांना गाडीनं पोचवलं. मी गॅलरीतून बघितलं नाही. डबे होते मला.

मग रोज संध्याकाळी माझा फोन. "काय केलंय आज?" "भात." "आणि?" "कालवन." "कशाचं?" "असंच." माझा विश्वास बसेना. हा माणूस जन्मभर "काय झालं न्हाय" म्हणत आलेला, हा उपाशी असला तरी मला जेवलो म्हणूनच सांगणार. गणपती झाले, पोरं सुट्टीला गावाकडं गेली आणि मला डब्यांना सुट्टी मिळाली. न सांगता एसटीत बसले. सोबत डबा घेतला होता, भलामोठा, दोन दिवस पुरेल एवढा. घरात काय बघायला मिळेल, हाच विचार वाटभर डोक्यात होता.

भर दुपारी पोचले. दार उघडं होतं. अंगणात दगडी कट्ट्यावर मांजर उताणं पडून ऊन खात होतं. आतून फोडणीचा वास आला, थोडी करपलेली. आबा शेगडीपाशी पाठमोरे उभे होते, धोतराला हळद लागलेली. मला बघून दचकले नाहीत की काही नाही.

"आलीस? हातपाय धू. बस."

मी डबा उघडायला लागले तर त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. "ऱ्हाऊ दे त्यो. संध्याकाळी खातो." पाट मांडला. ताट घेतलं, फडक्यानं पुसलं, भात वाढला, वर वांग्याचं कालवण. पाण्याचा तांब्या भरून उजव्या हाताला ठेवला. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून तिथं कायम शेवटी जेवले आहे. पुरुषमाणसं उठली की सासूबाई आणि मी, खरवडून उरलेलं घेऊन, भिंतीला टेकून. या पाटावर मी कधी बसले नव्हते. बसताना मला चक्क लाज वाटली.

कालवण चांगलं झालं होतं का? नव्हतं. तेल वर तरंगत होतं, वांग्याच्या फोडी विरघळून गेल्या होत्या. पण ते अन्न होतं, गरम होतं, आणि भांड्याच्या कडा बघून कळत होतं की हा माणूस रोज करतो, रोज जेवतो. माझ्या मनावरचं ओझं त्या पहिल्या घासाला उतरलं. मी भराभर जेवले. आबा डाव हातात धरून समोर उभेच.

"तुम्ही पण घ्या की, आबा."

"घेतो. तू जेव आदी." बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. आबा भिंतीकडं बघत म्हणाले, "तुज्या सासूनं जलमभर वाडलं मला. मी एकदा बी इचारलं न्हाय, तू जेवलीस का म्हनून. एकदा बी न्हाय गं." छातीवर हात ठेवून म्हणाले, "हितं लई दुखतंय."

डोळ्यांतून पाणी भातात पडलं ते पडू दिलं. मी ताट पुढं केलं आणि म्हटलं, "वाढा अजून." त्यांनी भात वाढला, कालवण वाढलं, आणि माझं पोट कधीच भरलं होतं, तरी मी ते सगळं खाल्लं.